एका पानाला किती ताकद लागते

नाही, मशीन मला चालवता आलं नाही म्हणून बिघडलं, असं अजिबात नाही. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण तिकडे तारिहात बातमी पोचली असेल तर ती अशीच पोचली असेल, की नेमेसियाचं वय झालं, तिला नवी वस्तू झेपली नाही. वय झालंय, अडुसष्ट. वस्तूही झेपली नाही. पण ती कुणालाच झेपली नाही, रांगेतल्या सातच्या सात जणांना, आणि त्यातल्या दोघांना अजून धड मिशी फुटलेली नाही. तू विचारलं नव्हतंस, माहितेय. तू कधीच काही विचारत नाहीस, ही तुझी लहानपणापासूनची खोड आहे. म्हणून मीच सांगते.

आता रीतीप्रमाणे. आदरणीय भाऊ अबुंदिओ (वयाने तू सहा वर्षांनी लहान, पण टायरच्या दुकानाचा मालक झाल्यापासून आदरणीय लिहावं लागतं), तुझी कंबर कशी आहे, तुझ्या बायकोच्या, एल्विराच्या, डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं का, आणि तो म्हातारा कुत्रा गेला की अजून ओढतोय, ते कळव. इकडे गारा पडल्या, बटाटा काळा पडला, माझा गुडघा जिना चढताना कुलपासारखा वाजतो, तेवढं सोडून सगळं ठीक. देव तुम्हाला सुखात ठेवो. झालं. गिऱ्हाइकाच्या अर्जात मी एवढ्या सगळ्याला एक ओळ देते, तुला पाच दिल्या. हे पत्र हाताने लिहितेय, का ते पुढे येईलच. अक्षर लागलं नाही तर एल्विराला वाचायला सांगू नकोस, तिचा डोळा. शेजाऱ्यांनाही सांगू नकोस. तूच डोळे फाडून वाच.

माझं काम काय आहे ते तुला सांगायला नको, पण एकदा लिहून ठेवते, कारण लोकांना वाटतं आम्ही तिथे बसून रॉकेट उडवतो. कोर्टासमोरच्या कमानीखाली सात टेबलं. तिसऱ्या खांबाजवळचं माझं, एकतीस वर्षं झाली. खेड्यातनं माणूस उतरतो, त्याच्या क्वेचुआत बोलतो, मी ऐकते आणि कोर्टाला पचेल अशा स्पॅनिशमध्ये एक पान लिहून देते. एक पान. दुसरं पान कुठलाच न्यायाधीश उलटत नाही, हे मी पहिल्या वर्षीच शिकले, आणि शाळेत तिसरीपर्यंत जे शिकले त्यापेक्षा ते जास्त कामाला आलं. शेजाऱ्याने पाण्याची पाळी चोरली, नवरा खाणीवर गेला तो परतलाच नाही, ओळखपत्रावर तारीख चुकली त्यामुळे आई मुलापेक्षा दोन वर्षांनी लहान झाली, सगळं एका पानात बसतं. बसवावं लागतं. त्याबद्दल खेडवळ लोक, इथे वकिलाला डॉक्टर म्हणतात तसं, मला डॉक्टरीणबाई म्हणतात, आणि मी त्यांची चूक दुरुस्त करत बसत नाही.

आधी टाइपरायटर होता. मग चर्चच्या ऑफिसने टाकून दिलेलं मांडीवर मावेल असं मशीन मिळालं, बॅटरी मेलेली, झाकणावर फादरच्या कॉफीचा डाग. ते चालू व्हायला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात मी टेबल पुसायची, कोकाची चार पानं गालात धरायची आणि गिऱ्हाईक बूड टेकवायचं. कुणाचा खोळंबा नाही. बटण दाबलं की अक्षर उमटायचं. आणखी काय पाहिजे? मी दाबायच्या आधी उमटायला हवंय का? आमच्या धंद्यात सगळ्यात हळू चालतो तो माणूस, अबुंदिओ. बाई येते, स्वतःचं नाव सांगते, गावाचं सांगते, आणि नवऱ्याच्या नावापाशी आली की तिचा बांध फुटतो. मग मी थांबते, मशीन थांबतं, कधी पाव तास, कधी अर्धा. जगातलं सगळ्यात वेगवान मशीन आणून ठेव, ते त्या बाईपुढे तेवढाच वेळ थांबणार, फक्त जास्त वीज खाऊन.

बरं, आम्ही अडाणी. शिकल्या-सवरलेल्यांचं काय ते बघ. कागद द्यायला मी रोज आत जाते आणि माझे डोळे शाबूत आहेत. नोंदणीच्या खिडकीतल्या बाईसाहेबांचं मशीन कपाटाएवढं. त्यावर त्या काय करतात? एका रकान्यात नंबर, दुसऱ्या रकान्यात तारीख. मशीन वरून तापतं म्हणून तिथे त्या दहा वाजता खायची साल्तेन्या, ती रश्शाने भरलेली करंजी, ठेवतात, ती साडेअकरापर्यंत गरम राहते, आणि त्या मशीनचं मला दिसलेलं सगळ्यात चांगलं काम तेच. आतल्या एका साहेबांच्या मशीनचा पासवर्ड बदली होऊन गेलेल्या कारकुनाबरोबर गेला, तेव्हापासून त्यावर साहेबांची हॅट असते. कोपऱ्यावरचा दातांचा डॉक्टर दात उपटायच्या आधी पडद्यावर सूर्यास्त दाखवतो. नकाशेवाला आर्किटेक्ट पेन्सिलीने काढतो आणि त्याची बायको फोनवर फोटो मारते. खरी ताकद लागते असा माणूस या गावात एकच, लग्नाचे व्हिडिओ करणारा एडसन, आणि त्याच्या मशीनचा पंखा सुतळीने बांधलेला आहे. एका लग्नाला त्याला तीन आठवडे लागतात. परवा तर व्हिडिओ तयार व्हायच्या आत जोडपं वेगळं झालं, अर्ज मीच लिहिला. (व्हिडिओ दोघांनी तरीही नेला. कुणी किती नेला ते विचारलं नाही.)

तर अशा गावात तुझा ग्रोवर कोचाबांबाहून पदवी घेऊन उतरला. इंजिनियरांच्या मंडळात नाव चढलं की सिमेंट कारखान्यात नोकरी पक्की, नाव चढायला तीन महिने, तोवर आत्याकडे राहतो, असं तूच कळवलं होतंस. राहिला. मुलगा वाईट नाही. ताटात टाकत नाही, सकाळी माझं टेबल खांद्यावर घेऊन कमानीपर्यंत आणायचा, आणि माझा रेडिओ न विचारता दुरुस्त केला (विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं). हे मी दुसरीकडे कुठे लिहिणार नाही, म्हणून इथे लिहिते.

त्याच दिवसांत आमच्या संघाच्या अध्यक्षाला, त्या सेवेरोला, खूळ लागलं. टॅक्स ऑफिससमोर जे लेखनिक बसतात त्यांच्याकडे त्याने नवी मशीनं बघितली, काचेच्या पोटाची, आत निळे-जांभळे दिवे फिरणारी. तेव्हापासून त्याचं पोट दुखायला लागलं. कोर्टासमोरचे आपण, खानदानी, आणि दिवे त्यांच्याकडे. लगेच ठराव. कार्निव्हलपर्यंत ज्याच्या टेबलावर व्यावसायिक दर्जाचं मशीन नसेल, त्याची जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. यादीत चाळीस नावं आहेत. त्यातली पहिली, ती लांब मानेची दाल्मासिया, रोज माझ्या खांबाला टेकून उभी राहते आणि मी खोकले की मायेने तब्येत विचारते.

तू म्हणशील, गेली जागा तर गेली. तू म्हणू शकतोस, तुझ्या घरात तीन माणसं आणि एक कुत्रा आहे. मला नवरा राहिला नाही, मूल झालं नाही, शेत तू विकलंस (बरोबर विकलंस, तक्रार नाही). सकाळी उठल्यावर मी ज्या दिशेने चालायला लागते ती दिशा म्हणजे तो खांब. तो काढून घेतला तर मी दार उघडून नुसती उंबऱ्यावर उभी राहीन, डावीकडे जाऊ की उजवीकडे, हे मला कळणार नाही. एवढंच आहे. यापेक्षा जास्त रंगवून मी गिऱ्हाइकाचंही लिहीत नाही.

व्यावसायिक दर्जा म्हणजे नक्की काय, ते सांगायला सभेत ग्रोवरला उभं केलं. आमच्यात तो एकटाच इंजिनियर. पाऊण तास बोलला. भिंतीवर चित्रं पाडली, प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला. मी मागे बसले होते आणि माझ्या पुढे सेवेरोची हॅट होती. तुम्ही दिवसभरात नक्की काय लिहिता, किती लिहिता, असले प्रश्न विचारत बसला, त्यावर कुणाला राग आला, कुणाला डुलकी. शेवटी सेवेरो म्हणाला, हात वर करा, आणि सगळ्यांनी सगळ्यात मोठ्या मशीनला हात वर केले. आता इंजिनियरचं भाषण झाल्यावर माणसं मोठं मशीन घेतात, म्हणजे ती इंजिनियरमुळेच घेतात. यात न कळण्यासारखं काय आहे?

मशीनं ओरुरोहून ट्रकने आली. विकणाऱ्याने जुनी उचलून नेली, माझंही, फादरच्या डागासकट. नवं टेबलावर ठेवलं तर मशीन मावलं आणि मी मावले नाही. गिऱ्हाइकाची खुर्ची मागे सारावी लागली, आणि आता बाई रडायची ती मशीनच्या पलीकडे, मला नुसतं ऐकू यायचं. तेही पंख्याच्या आवाजातनं. पण खरी गंमत विजेची. कमानीला वीज येते झेरॉक्सवालीच्या दुकानातनं, एका वायरवर. पहिल्या दिवशी सातही मशीनं एकदम लावली तर तिचं दुकान अंधारलं, शेजारच्या न्हाव्याचं यंत्र एका सार्जंटच्या अर्ध्या डोक्यावर थांबलं आणि सार्जंट तसाच हॅट घालून ड्युटीवर गेला. मग पाळ्या लागल्या. सकाळी पहिला आणि दुसरा खांब, दुपारी तिसरा आणि चौथा, बाकीचे उद्या. ज्याची पाळी नाही तो हाताने लिहायचा. म्हणजे अख्ख्या जिल्ह्यातली सगळ्यात ताकदवान सात मशीनं, आणि त्यातल्या पाचांच्या आडोशाला पेन घेऊन बसलेली पाच माणसं. टॅक्स ऑफिसवाले बघायला आले, हसत हसत गेले.

एकदा माझ्या पाळीला ग्रोवर बाजूला बसला आणि मशीनच्या आत काय चाललंय त्याचे आकडे वाचले. म्हणाला, तू लिहीत असतेस तेव्हा याच्या ताकदीतला शंभरातला एक भागही कामाला लागत नाही. मी विचारलं, मग उरलेले नव्व्याण्णव काय करतात.

"वाट बघतात, आत्या."



असो. कार्निव्हलचा मंगळवार आला. तारिहात बारा वर्षं द्राक्षं खाऊन तू विसरला असशील, पण इथे त्या दिवशी अजून घर, दुकान, गाडी, गाढव, जे काही आपल्याला पोसतं त्याला कागदी पट्ट्या गुंडाळून, वर बिअर शिंपडून धरणीमायच्या ओटीत घालतात. आमच्या रांगेत शिंपडायचा मान सगळ्यात मोठ्या बाईचा, म्हणजे माझा, एकोणीस वर्षं. टाइपरायटर होते तेव्हा त्यांना आम्ही चिक्कार पाजली. त्यांना ती मानवायची, अडकलेली अक्षरं सुटायची. मांडीवरची मशीनं आली, तर झाकण मिटायचं आणि वर शिंपडायचं, कधी काही झालं नाही. या नव्यांना झाकणच नाही. त्यांचं डोकं म्हणजे चाळणी, सगळी भोकं, आणि आत वरनं ओढणारा पंखा. सेवेरोने त्या दिवसापुरती चर्चच्या मागच्या खोलीतनं जाड वायर आणली होती, म्हणजे सातही एकदम लागतील आणि दिवे दिसतील. लागली. दिसले. सुंदर दिसत होते, खोटं कशाला बोलू. पितळी बँड अगदी कानाशी वाजत होता, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. पोरीबाळींनी कागदाचे तुकडे उधळले, पंख्यांनी ते आत ओढून घेतले, लोकांना वाटलं मशीनं प्रसाद खातायत.

मी एनॅमलचा जग घेतला. पहिली धार जमिनीला, मग टेबलाच्या चार कोपऱ्यांना, मग डोक्यावर. पहिलं सेवेरोचं. ते शिंकल्यासारखं झालं आणि दिवे निळ्याचे लाल झाले. टाळ्या पडल्या. आम्हाला वाटलं, धरणीमायला पोचलं. दुसऱ्याचे दिवे पिवळे होऊन गेले, तेव्हा सेवेरो ओरडून सांगत होता की हे जास्तीचं सामान आहे, टॅक्स ऑफिसवाल्यांकडे नाही. मी हाताची सढळ आहे, तुला माहीत आहे. जळका वास आला तोवर मी सातव्यापाशी पोचले होते, आणि सातव्याला उपाशी ठेवणं बरं दिसलं नसतं. सगळं मिळून बँडची दोन गाणी झाली असतील. दुसरं गाणं संपलं आणि कमानीखाली एकही दिवा नव्हता. आणि तुझा मुलगा? कुठे होता विचार. तिथेच होता, माझ्या खांद्याला खांदा लावून. पदवीधर माणूस शेजारी उभा असताना सात मशीनं एकामागोमाग एक बुडतात, तर मला सांग, दोष कुणाचा धरायचा?

बुधवारी दरवर्षीप्रमाणे चर्चमध्ये सगळ्यांनी कपाळाला राख लावून घेतली आणि येऊन मशीनं उघडली, तर आतही राखच. कागदाचे तुकडे बिअरमध्ये भिजून पिठल्यासारखे बसले होते. एडसन येऊन बघून परत गेला. त्या दिवसापासून सातही जण हाताने लिहितो. अर्ज तेवढेच होतात. कमी नाही, जास्त नाही. कोर्टाने एकाही पानाला विचारलं नाही की तू कशावर लिहिलं गेलंस.

शनिवारी सभा. सेवेरोचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा. संघाच्या नियमात आहे, दुसऱ्याचं हत्यार जो बिघडवेल त्याची जागा जाईल. टाइपरायटरच्या काळातला नियम, आजवर एकदाच लागला होता. कुणीतरी मागनं म्हणालं की मशीनं सात आणि शिंपडणारा हात एकच. (दाल्मासियाच ती. तिला सभेत बसायचा अधिकारच नाही, भिंतीला टेकून उभी होती. खांब नाही मिळाला की भिंत.) सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी शालीचे गोंडे बघत होते. मग सेवेरोने ग्रोवरला पुढे बोलावलं.

"इंजिनियरसाहेब, बिअर आत जाऊ नये, हे तुम्हाला माहीत होतं की नाही?"

"होतं."

"मग सांगायला काय झालं होतं? जीभ पण कोचाबांबाला ठेवून आलात?"

तो लगेच बोलला नाही. मग म्हणाला, "नाही सांगितलं. राहून गेलं."

भर सभेत, स्वतःच्या तोंडाने. आणखी काय पुरावा पाहिजे? माझ्यावरनं विषय गेला. ठराव झाला की इंजिनियरांच्या मंडळाला संघातर्फे तक्रार करायची, असल्या बेजबाबदार माणसाचं नाव चढवू नका म्हणून. म्हणजे सिमेंट कारखाना संपला, हे तुला वेगळं सांगायला नको. आणि तक्रार लिहायची कुणी? रांगेत माझ्याएवढं पक्कं पान कुणाचंच होत नाही, हे सेवेरो सगळ्यांसमोर म्हणाला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाला, आणि म्हणायला वेळ बघ कुठली शोधली. सोमवारी सकाळी पान द्यायचं, सगळ्यांनी सह्या करायच्या.

ग्रोवर त्याच दिवशी दुपारच्या बसने गेला. तुझ्याकडेच आला असेल. जाताना माझं टेबल कमानीखालनं घरी आणून ठेवलं. मी फोन करते तर उचलत नाही. म्हणून हे पत्र. दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, की तक्रार आहे, ती मी लिहितेय, आणि ती कशी लिहिली जाते ते तुला माहीत आहे. न्यायाधीश वाचतो अशी. तू बाप आहेस, तुला वाईट वाटेल. वाटू दे. एवढं शिकवलंस, तर वेळेला तोंड उघडायलाही शिकवायचं होतंस. एल्विराला आशीर्वाद, कुत्र्याला जमलं तर हाड.

तुझी बहीण,
नेमेसिया वाराची

ता.क. सभेत ग्रोवरने वाटलेला तो कागद सापडला. मी त्यावर जांभळ्या मक्याच्या आपीचा पेला ठेवत होते, मधोमध जांभळं वर्तुळ पडलंय, तरी वाचता येतो. आज पहिल्यांदा वाचला. त्यात लिहिलंय, तुमच्या कामाला आत्ता आहे ते मशीन पुरतं, फार तर थोडी मेमरी वाढवा, आणि उरलं तर टेबलावर चांगला दिवा घ्या, डोळ्यांसाठी. खाली मोठ्या मशीनचं चित्र आहे आणि त्यावर फुली. आता आपण मतदानाला जो हवा त्याच्यावरच फुली मारतो, तर सगळ्यांना वाटलं हेच घ्यायचंय. त्याने तोंडी काय सांगितलं ते कुणी ऐकलं नव्हतं. आणि ऐकलं असतं तरी सेवेरोने मोठंच घेतलं असतं, आणि सेवेरोने घेतलं म्हणजे मीही घेतलं असतं. जांभळा दिवा मला आवडला होता.

ता.क. दुसरा. ही पहिल्या पानावर लिहायची गोष्ट होती. शिंपडायच्या आधी त्याने सांगितलं होतं. माझ्या कानाशी तोंड आणून सांगितलं, बँडमुळे दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही. म्हणाला, "आत्या, टेबलाला शिंपड, वरून नको, आत वीज आहे." मी म्हटलं, "तू पाळण्यात मुतत होतास तेव्हापासून मी मशीनांना पाजतेय." दुसऱ्यांदा त्याने माझं मनगट धरलं. मी ते झटकलं, आणि लोक बघत होते म्हणून मुद्दाम जास्त ओतलं. पहिल्यावर नुसतं शिंपडणार होते. सभेत सेवेरोने विचारलं तेव्हा तो लगेच का बोलला नाही, तर तो माझ्याकडे बघत होता. मला फक्त "सांगितलं होतं" एवढे दोन शब्द म्हणायचे होते. मी गोंडे बघत राहिले. त्याने किती वेळ वाट बघितली ते मी मोजलं नाही, पण सेवेरोने तेवढ्यात हॅट काढून परत घातली.

तक्रारीचं पान चार वेळा लिहायला घेतलं आणि चारही वेळा फाडलं. माझ्या हातनं असं कधी होत नाही. पाचवं झालं. एक पान, समास सोडून, खाडाखोड नाही. त्यात नाव एकच आहे आणि ते ग्रोवरचं नाही. सोमवारी सेवेरोच्या हातात तेच पडेल. मंडळालाही त्याचीच एक प्रत पाठवलीय, आजच टपालात टाकली, म्हणजे सोमवारपर्यंत माझी अक्कल परत फिरली तरी उपयोग नाही.

ता.क. तिसरा. तुझ्या दुकानात रस्त्याच्या बाजूला जी खिडकी आहे, तिच्याखालचे टायर हलवले तर माझं टेबल बसेल का, ते हाताने मोजून कळव. नजरेने नको, तुझ्या नजरेचा भरवसा नाही. लांबी सव्वा हात, रुंदी हातभर. वीज लागणार नाही. एक खुर्ची गिऱ्हाइकाला लागेल. तारिहात क्वेचुआ बोलणारे किती उतरतात ते बस स्टँडवर विचारून ठेव. ग्रोवर तिथे असेल तर एल्विराला शेंगदाण्याचं सूप करायला सांग, तो मागणार नाही, आणि हे पत्र त्याला दाखवू नकोस. कागदांचं काय झालं, जागेवर कोण बसलं, कुणी कुणाला काय म्हटलं, त्यातलं एक अक्षर मी सांगणार नाही. आल्यावरही नाही.